फ्लॉपी फॉरमॅट करू नका! जुन्या सॅम्पलरवाल्यांचे प्रश्न

गेल्या अंकात सहज म्हणून चार ओळी टाकल्या होत्या, की कोणाकडे जुना हार्डवेअर सॅम्पलर, म्हणजे आवाज टिपून घेऊन तो पट्ट्यांवर वाजवणारं यंत्र, पडून असेल आणि त्याच्यातले आवाज कंप्युटरवर कसे आणायचे किंवा कंप्युटरवरचे त्याच्यात कसे घालायचे हे कळत नसेल तर विचारा. वाटलं दोन-तीन पत्रं येतील. आली पिशवीभर. पुण्यात माळ्यावर इतके सॅम्पलर आहेत हे मलाही माहीत नव्हतं, कोणाचा ऑर्केस्ट्रा होता, कोणी जिंगल करायचं, एकाने तर भंगारवाल्याकडून वजनावर घेतलाय. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम छापत नाहीये, कारण दोघांनी 'घरी किंमत कळू देऊ नका' असं स्पष्ट लिहिलंय.

प्रश्न : मामाचा ऑर्केस्ट्रा होता, गणपती-नवरात्रात रोज कार्यक्रम असायचे. त्याचा आकाई एस९५० सॅम्पलर आणि चपलांच्या खोक्यात भरलेल्या पन्नासेक फ्लॉप्या आता माझ्याकडे आल्यात. लेबलांवर 'संबळ', 'हलगी नवी', 'ताशा तर्री' असं मामाच्या अक्षरात लिहिलंय. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला तर कंप्युटर म्हणतो डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का? मित्राच्या कंप्युटरवरही तेच. फ्लॉप्या गेल्या असं समजायचं का?
— सहकारनगरहून एक वाचक

उत्तर : आधी सांग, 'हो' दाबलं नाहीस ना? नसशील तर अजून काहीही गेलेलं नाही. तुझ्या मामाने मोडीत पत्र लिहिलंय आणि तू ते फक्त देवनागरी येणाऱ्या माणसाला वाचायला दिलंस, त्याला नुसत्या रेघोट्या दिसल्या आणि तो तुला विचारतोय की कागद कोरा करून देऊ का. एवढंच झालंय.

आता खरं कारण. साडेतीन इंची फ्लॉपी बाहेरून सगळ्यांची सारखीच, पण आत माहिती कशी आखलीय हे ज्याचं त्याचं वेगळं. पीसी एका सेक्टरमध्ये, म्हणजे चकतीवरच्या एका कप्प्यात, ५१२ बाइट लिहितो, आकाई १०२४ लिहितो. एका ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या एका गोल रेघेवर, साध्या फ्लॉपीत असे ५ सेक्टर, हाय डेन्सिटीत १०, म्हणून पीसीवर ७२० केबी मावणाऱ्या फ्लॉपीत आकाईचे ८०० केबी बसतात आणि १.४४ एमबीवालीत १.६ एमबी. यूएसबी ड्राइव्हच्या आत जी चिप असते तिला पीसीचे ठरलेले दोन-तीन फॉरमॅट सोडले तर बाकी काही येत नाही आणि तिला शिकवताही येत नाही. त्यामुळे तो ड्राइव्ह ठेव बाजूला, बिलाचा विचार करू नकोस.

पहिलं काम, प्रत्येक फ्लॉपीची कोपऱ्यातली काळी खिट्टी सरकवून भोक उघडं कर. उघडं भोक म्हणजे तिच्यावर लिहिता येत नाही. मग सरकतं झाकण बाजूला करून उजेडात धरून बघ, चकती काळपट-तपकिरी गुळगुळीत दिसली पाहिजे. पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर येते तशी पांढरट बुरशी दिसली तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायचीच नाही. हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्याकडे एकांच्या फ्लॉप्या आल्या होत्या, जुलैचे दिवस, मी उत्साहात एकामागून एक घालत गेलो, पहिलीची बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला चिकटली आणि तिने पुढच्या तीन फ्लॉप्यांवर गोल गोल चरे पाडले. चांगल्या होत्या त्या. त्या तीन फ्लॉप्यांत काय होतं हे आता कोणालाच कळणार नाही. त्यामुळे बुरशीवाल्या वेगळ्या काढ, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मधली लोखंडी चकती बोटाने हळूहळू फिरवत दोन्ही बाजू पुस, पूर्ण वाळू दे, आणि त्या सगळ्यात शेवटी वाच. हेड मधेमधे साफ करत राहा.

वाचायला ग्रीसवीझल नावाचा एक छोटा बोर्ड मिळतो. तो एका बाजूने यूएसबीला आणि दुसऱ्या बाजूने ३४ पिनच्या पट्टी केबलने जुन्या पीसीतल्या साध्या फ्लॉपी ड्राइव्हला लागतो. हा फॉरमॅट-बिरमॅट काही बघत नाही, चकतीवरचं चुंबकीय क्षेत्र जसं जसं उलटसुलट होतं तसं ते टिपून घेतो, अर्थ नंतर लावायचा. ड्राइव्ह तपकीर गल्लीत नाहीतर जुन्या बाजारात शोध, दोन-तीन घे, एक तरी चालेल. प्रत्येक फ्लॉपीच्या दोन फाइल ठेव, एक कच्ची आणि एक नेहमीची इमेज, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची एका फाइलीतली नक्कल, कच्ची यासाठी की एखादा सेक्टर आज वाचता आला नाही तरी पुढे कधीतरी त्यातून काही काढता येईल. आणि लेबलाचा फोटो काढ. मामाचं अक्षर हाही डेटाच आहे, 'हलगी नवी' म्हणजे कुठली हलगी हे त्याला फोन करून आत्ताच विचारून घे.

इमेज हातात आली की आकाईयुटिल नावाचा फुकट प्रोग्राम आहे, काळ्या खिडकीत कमांड टाइप करायच्या, दिसायला रुक्ष पण काम चोख. तो इमेजमधले सॅम्पल, म्हणजे टिपलेले आवाज, दाखवतो आणि वेव्ह फाइल करून बाहेर काढतो. एस९००, एस१०००, एस३००० तिन्ही घराण्यांचं त्याला कळतं.

हे सगळं झालं, दोन ठिकाणी कॉपी ठेवली, की मगच सॅम्पलरच्या आत हात घालायचा. तिथला फ्लॉपी ड्राइव्ह काढून गोटेक बसवता येतो, तो फ्लॉपीचं सोंग घेणारा डबा आहे, पेनड्राइव्ह लावायचा आणि बटणाने फ्लॉपी नंबर बदलायचा. त्याच्यावर फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर, म्हणजे त्याचं आतलं सॉफ्टवेअर, टाक, मग पेनड्राइव्हवरच्या एफएफ डॉट सीएफजी फाइलीत इंटरफेस आणि होस्ट अशा दोन ओळी असतात, पहिलीला थेट आकाई-एस९५० असाच पर्याय आहे आणि दुसरीला आकाई. बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं, गोटेक बसवतात, ही फाइल करत नाहीत आणि मग 'चायनीज माल' म्हणून शिव्या घालत बसतात. जुना ड्राइव्ह फेकू नकोस, सिलिका जेलची पुडी घालून पिशवीत बांधून ठेव.

आणखी एक, एस९५० ची मूळ मेमरी ७५० केबी, वाढवली तर सव्वादोन एमबी. म्हणजे एक फ्लॉपी म्हणजे जवळजवळ अख्खं मशीन. मामा दोन गाण्यांच्या मधे फ्लॉपी बदलायचा आणि निवेदक तेवढ्यात शेरोशायरी करायचा, हे त्याला विचारलंस तर तो नक्की हो म्हणेल.

प्रश्न : मी निवृत्त इंजिनिअर. माझा १६ बिट सॅम्पलर मिडी सॅम्पल डंप, म्हणजे वाद्यांच्या मिडी केबलवरून आवाज पाठवायची पद्धत, समजतो असं मॅन्युअलमध्ये आहे. यूएसबी-मिडी केबल घेतली, सॉफ्टवेअरही मिळालं, पण चार सेकंदांचा सतारीचा सूर पाठवायला इतका वेळ लागतो की चहा होऊन पिऊनही होतो, आणि बहुतेक वेळा मधेच अडकतं. कधी लगेच, कधी निम्म्यावर. केबल खराब की मी?
— चिंचवडहून एक वाचक

उत्तर : काका, दोन्ही नाही, म्हणजे केबल थोडी आहे. तुम्ही इंजिनिअर आहात तर सरळ हिशोबच मांडतो.

मिडी चालतं सेकंदाला ३१,२५० बिटने. एका बाइटला पुढचा-मागचा धरून १० बिट, म्हणजे सेकंदाला ३,१२५ बाइट. त्यातही मिडीच्या डेटा बाइटमध्ये कामाचे बिट ७ च, म्हणून १६ बिटांचा एक सॅम्पल (इथे सॅम्पल म्हणजे अख्खा आवाज नाही, त्याचं एका क्षणाचं एक मोजमाप) पाठवायला ३ बाइट लागतात. हे ३-३ बाइट १२० च्या गठ्ठ्यात बांधतात, वर ७ बाइटचं वेष्टण, असं १२७ बाइटचं एक पाकीट आणि त्यात सॅम्पल फक्त ४०. सीडीच्या दर्जाचा एक सेकंद म्हणजे ४४,१०० सॅम्पल, म्हणजे अकराशेच्या वर पाकिटं, म्हणजे साधारण १ लाख ४० हजार बाइट. भागा ३,१२५ ने. ४५ सेकंद आले. एका सेकंदाच्या आवाजाला पाऊण मिनिट, तुमच्या सतारीला तीन मिनिटं, आणि यात प्रत्येक पाकिटानंतर 'मिळालं', 'मिळालं' म्हणायचा वेळ धरलेला नाही. बारा बिटवाल्यांना ३ ऐवजी २ बाइट लागतात, त्यांचं अर्ध्या मिनिटात होतं. त्यामुळे चहा होतोय हे बरोबरच आहे, मिडी मुळात 'ही पट्टी दाबली, ही सोडली' एवढं सांगायला केलेलं, १९८६ साली त्याच्यावरूनच आवाज पाठवायची पद्धत ठरवली म्हणजे पोस्टकार्डावर लिहून अख्खी पोथी पाठवायची सोय केली म्हणा ना.

आता अडकण्याचं. दोन केबल लावल्यात का, जायची आणि यायची? एकच लावली तर कंप्युटर पाकिटं टाकत सुटतो आणि सॅम्पलरला 'हे फाटलेलं आलं, परत दे' असं सांगायला तोंडच राहत नाही. दोन्ही लावल्या तर प्रत्येक पाकिटाच्या शेवटी एक बेरीज असते ती सॅम्पलर ताडून बघतो, चुकली तर परत मागवतो. आणि तुमची ती केबल, दोनशे-तीनशेवाली, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला दोन गोल मिडी आणि मधे छोटी डबी? तीच. त्या स्वस्त केबलींना तीन-तीन बाइटच्या नोटा नीट जमतात, १२७ बाइटचं लांब पाकीट एका दमात गेलं की मधले बाइट खातात. पियानो वाजवून बघितला तर छान चालते, म्हणून कोणाला संशयच येत नाही. चांगला मिडी इंटरफेस कोणाकडून तरी दोन दिवस उसना आणा आणि फरक बघा. तोवर सॉफ्टवेअरमध्ये दोन पाकिटांच्या मधे थोडा थांबा टाकता येत असेल तर टाका, अजून हळू होईल पण पोचेल.

गंमत म्हणून सांगतो, या पद्धतीत सॅम्पलिंगचा वेग हर्ट्झमध्ये पाठवत नाहीत, दोन सॅम्पलमधला वेळ नॅनोसेकंदात पाठवतात आणि तोही पूर्णांकात. ४४,१०० ला पूर्णांक बसत नाही, २२,६७५ किंवा २२,६७६ लिहावं लागतं, म्हणून काही सॅम्पलर पोचलेल्या आवाजाचा वेग ४४,१०१ नाहीतर ४४,०९९ दाखवतात. कानाला काहीही कळत नाही, पण तुमच्यासारखा माणूस रात्रभर झोपणार नाही म्हणून आधीच सांगून ठेवलं.

बाकी नाव, स्टिरिओ, कुठल्या पट्टीवर कुठला आवाज, हे यातून जात नाही, ते सगळं तिकडे हाताने. त्यामुळे माझं मत असं, की मिडीवरून फक्त ताशाची एक काडी, झांजेचा एक ठोका असली पिटुकली कामं करावीत. मी एकदा हट्टाने २ एमबी मेमरी अख्खी भरायला घेतली होती, गणिताने १८ मिनिटं, सोळाव्या मिनिटाला लाईट गेली. गुरुवार होता, आमच्याकडे लाईट जायचा ठरलेला वार, माझीच चूक.

प्रश्न : सॅम्पलरच्या मागे हार्डडिस्क वगैरे जोडायचा २५ पिनचा स्कझी पोर्ट आहे. माझ्याकडे जुना पीसी आहे, त्याच्यामागे हुबेहूब तसाच २५ पिनचा पोर्ट आहे. सरळ केबल लावली तर चालेल ना? सोबत एक झिप ड्राइव्ह (जाड फ्लॉपीसारख्या डिस्क घेणारा) आणि सहा डिस्कही मिळाल्यात.
— लॉ कॉलेज रोडवरून एक विद्यार्थी

उत्तर : नाही! नाही रे बाबा, लावू नकोस. पीसीच्या मागचा तो प्रिंटरचा पोर्ट आहे, दिसायला जुळे भाऊ पण घरं वेगळी, आतल्या तारांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि दोन्हीपैकी एक तरी जळायची भीती. झिप ड्राइव्हचंही तेच, त्याच १०० एमबीच्या ड्राइव्हच्या प्रिंटर पोर्टवाल्या आणि स्कझीवाल्या अशा दोन जाती होत्या आणि दोघींना २५ पिनच. तुझ्या ड्राइव्हच्या मागे ५ आणि ६ असे आकडे असलेला छोटा स्विच असेल तर तो स्कझीवाला. डिस्क घातल्यावर टक्-टक्-टक् असा आवाज येत राहिला तर लगेच थांब, दुसरी डिस्क घालून बघायचा मोह आवर, बिघडलेला ड्राइव्ह चांगली डिस्कही घालवतो.

स्कझीचे नियम थोडे आहेत पण ते पाळायचेच. एका साखळीत ८ उपकरणं, ० ते ७ असे नंबर, दोघांना एकच नंबर नको. साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेशन, म्हणजे तारेचा शेवट बंद करणारी जोडणी, मधे कुठेही नाही. जोडाजोडी सगळं बंद असताना, यूएसबीसारखं चालू असताना उपटायचं नाही. आणि ज्यांच्या घरी जुनं स्कझी कार्ड असलेला कंप्युटर आहे त्यांच्यासाठी, कंप्युटर आणि सॅम्पलर एकाच डिस्कला जोडलेले असताना दोघांनी तिच्यावर लिहायचं नाही. दोघांनाही वाटतं आपणच एकटे मालक, एकाने केलेला बदल दुसऱ्याला दिसत नाही, आणि थोड्या वेळाने डिस्कवर एक सलग फाइल उरत नाही.

आजच्या तारखेला तू ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझी घे. एसडी कार्डावर हार्डडिस्कची इमेज फाइल ठेवायची आणि हा बोर्ड सॅम्पलरला सांगतो की मी हार्डडिस्क आहे. झुलूस्कझीत फाइलीच्या नावातच एचडी आणि त्यापुढे स्कझी नंबर असतो, एचडी१ म्हणजे एक नंबरची डिस्क, सीडी२ म्हणजे दोन नंबरची सीडी. एसडी कार्ड काढलं, कंप्युटरला लावलं, आकाईयुटिलने इमेजमध्ये सॅम्पल भरले, परत लावलं. केबल नाही, ताटकळणं नाही. मिडीच्या ४५ सेकंदांपुढे हे म्हणजे एसटीतून उतरून विमानात बसल्यासारखं. फक्त चार-आठ जीबीची इमेज करू नकोस, आकाईच्या एस१०००-एस३००० वाल्यांचं एक पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक भाग, जास्तीत जास्त ६० एमबीचं, लहान लहान इमेज केल्या तर सापडायलाही बरं. फाइलीचं नाव १२ अक्षरांचं असतं तिथे, 'ढोल अंतिम नवीन खरंच अंतिम' असलं काही चालणार नाही. आणि बोर्ड जागाच झाला नाही तर घाबरू नकोस, काही जुने सॅम्पलर स्कझीच्या तारेतून वीज देतच नाहीत, त्याला वेगळा ५ व्होल्टचा चार्जर लाव.

ज्यांच्याकडे कुर्झवाइल के२००० किंवा ईम्यू ईएसआय-३२ आहे त्यांनी विचारलं होतं, त्यांना एसएमडीआय नावाची आणखी एक वाट आहे, त्यात स्कझीवरूनच सॅम्पल थेट मशीनच्या मेमरीत जातो, मिडी डंपचाच पळणारा भाऊ. पण त्यालाही चालू स्कझी कार्ड असलेला जुना कंप्युटर लागतो, म्हणजे एक जुनं मशीन चालवायला दुसरं जुनं मशीन सांभाळा. ज्याला हौस असेल त्याने करावं.

प्रश्न : आकाईचा एमपीसी२०००एक्सएल सॅम्पलर घेतलाय. वरचं सगळं मलाही करावं लागेल का?
— वाकडहून एक वाचक

उत्तर : नाही, तुमची चंगळ आहे. तो पीसीवरच फॉरमॅट केलेली १.४४ एमबीची फ्लॉपी वाचतो आणि वेव्ह फाइलही सरळ घेतो. १६ बिट, ४४.१ ठेवा. एका फ्लॉपीत मोनो सोळा सेकंद बसतात, स्टिरिओ आठ. इथे मात्र यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह चालतो, सहकारनगरवाल्याकडून विकत घ्या. यामाहा ए३००० वाले दोघं होते, तुमचंही असंच सोपं आहे.

प्रश्न : जुना सॅम्पलर चालू केला की फक्त डिस्क घाला, डिस्क घाला असं दाखवत राहतो. विकणारा म्हणाला होता 'एकदम ओके'. फसलो का?
— कसबा पेठेतून एक वाचक

उत्तर : थोडेसे. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात एन्सोनिक मिराज दिसतोय, त्याला स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा फ्लॉपीवरून वाचावी लागते. एन्सोनिक ईपीएस, रोलँड एस-५० यांचंही तसंच, डिस्क नाही तर मशीन म्हणजे नुसतं पेटीचं खोकं. बिघडलेला नाही, उपाशी आहे. मिराजची फ्लॉपी तर अजबच, एका ट्रॅकवर १०२४ बाइटचे पाच सेक्टर आणि त्यांच्या शेपटीला ५१२ चा एक, एकूण ४४० केबी, पीसी ती बघून हातच टेकतो. सिस्टिम डिस्कची इमेज मिळवा आणि गोटेकवरून चालू करा. आणि पुढच्या वेळी विकणाऱ्याला म्हणा, चालू करून एक आवाज वाजवून दाखवा, व्हिडिओ पाठवा. 'लाईट लागते' आणि 'चालतो' यात फरक आहे.

प्रश्न : मी तबला वाजवते. माझे बोल चांगल्या माइकवर २४ बिट ९६ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केले, कंप्युटरवर स्वच्छ केले आणि भाच्याच्या मदतीने बारा बिटच्या सॅम्पलरमध्ये पाठवले. सगळे म्हणतात त्या मशीनचा आवाज जाड, उबदार येतो. मला तर तो फक्त थोडा वाईट ऐकू येतो. माझं काय चुकलं?
— सदाशिव पेठेतून एक वाचक

उत्तर : ताई, सगळ्या पत्रांत मला तुमचं पत्र आवडलं, कारण बाकी सगळे केबल कुठली विचारतायत आणि तुम्ही आवाजाबद्दल बोलताय.

लोक ज्याला मशीनचा आवाज म्हणतात तो येतो कुठून? निम्मा त्याच्या तोंडातून आणि निम्मा कानातून. बाहेर पडताना त्याचा कन्व्हर्टर (आकड्यांचा आवाज आणि आवाजाचे आकडे करणारा भाग) आणि फिल्टर, आणि आत येताना त्याचा इनपुट, त्याला ऐकवलेली पातळी, त्याचा आत घेणारा कन्व्हर्टर. भाच्याने फाइल पाठवली म्हणजे काय केलं, तर कान पूर्ण टाळला. तुमचा ९६ किलोहर्ट्झचा तबला कंप्युटरनेच छाटून १२ बिटांचा केला आणि मशीनला आयता घास भरवला. मग मशीनचं त्यात काय राहिलं? म्हणून तो 'थोडा वाईट' लागतोय, तुमचे कान बरोबर आहेत.

डिजिटल पाठवणं बंद करा. कंप्युटरच्या ऑडिओ इंटरफेसचा लाइन आउट सॅम्पलरच्या इनपुटला लावा आणि एकेक बोल वाजवून त्यालाच ऐकू द्या. साधी दोन रुपयांची युक्ती वाटते पण चाळीस फ्लॉप्या, तीन केबली आणि दोन सॉफ्टवेअर केल्यावर माणसाला आठवत नाही की सॅम्पलरला माइकचं भोकसुद्धा असतं.

पातळीची काळजी घ्या. १६ बिटमध्ये साधारण ९६ डेसिबलची जागा मिळते, १२ बिटमध्ये ७२ चीच. 'ना' ला फार फरक पडत नाही, तो येतो आणि जातो. पण 'घे' ची लांब शेपूट बघा, ती विरत जाते तसतशी शेवटी चाळणीतून रवा पडल्यासारखी खरखरीत होते. म्हणून आत घेताना मीटर अगदी वरपर्यंत न्या, फाटायच्या एक पायरी खाली. आणि बोलाच्या आधीची शांतता हाताने कापा. मी हे एकदा एस९५० वर करत बसलो होतो, इवलासा पडदा, चाक एकेक आकडा पुढे न्यायचं, ऐकायचं, परत. सुरुवातीला चांगली पाच-सहा मिलिसेकंद रिकामी राहिली होती, एकेक बोल वेगळा वाजवला तर कळतही नाही, पण कायदा दुगुणीत वाजवला की हात पुढे आणि आवाज मागे, शागीर्द ठेका सोडतो तसं. आणि जास्त कापलं तर 'ना' ची चाटीवरची ती टिचकीच जाते, मग तो 'ना' राहत नाही, कोणीतरी दार वाजवल्यासारखं येतं. तिथे एकेक आकडा मोजून थांबावं लागतं, यात शॉर्टकट नाही.

जाडी हवीच असेल तर जुनी युक्ती सांगतो. कंप्युटरवर बोल एक सप्तक वर, म्हणजे दुप्पट वेगाने वाजवा, तो सॅम्पलरमध्ये घ्या आणि तिथे एक सप्तक खाली वाजवा. मेमरी निम्मी लागते आणि आवाजाला तो दाणेदारपणा येतो. ईम्यू एसपी-१२०० मध्ये सगळी मिळून १० सेकंदच बसायची, २६.०४ किलोहर्ट्झला, तेव्हा अमेरिकेतले हिप-हॉपवाले ३३ ची तबकडी ४५ वर फिरवून आत घ्यायचे ते याचसाठी. जागा वाचवायला केलं आणि आवाज होऊन बसला.

एक मात्र कबूल करायला हवं. डाव्याची घसीट, तळवा पुढे सरकवत सूर उचलला जातो ती, एका सॅम्पलमध्ये घेतली की कायमची गोठते. दर वेळी तेवढीच आणि तशीच. 'घे' निदान तीन प्रकारचे घ्या, हलका, भरलेला, घसीटवाला. दायाँ ज्या स्वरात लावलाय त्याच्या दोन-तीन स्वर वर-खाली चालतो, त्याच्या पुढे नेला की पत्र्याचा डबा. काळी एकचा तबला काळी पाचला ताणू नका, परत लावा आणि परत रेकॉर्ड करा, तुम्हाला ते येतं, आम्हा लोकांना येत नाही म्हणून आम्ही बटणं दाबतो.

तुमच्या त्या २४ बिटच्या मूळ फाइली मात्र जपून ठेवा. त्यांना मशीन दाखवू नका.

प्रश्न : जपानहून मागवलेला सॅम्पलर कालच आला. तुमचा अंक हातात येईपर्यंत धीर धरणार आहे. कुठली केबल आधी घेऊ?
— पिंपळे सौदागरहून एक वाचक

उत्तर : विजेची. हा डेटाचा प्रश्न नाही पण याच्याशिवाय डेटा कुठला. जपानमध्ये घरात १०० व्होल्ट असतात, आपल्याकडे २३०. नुसती पिन बदलणारा प्लग लावून चालू केलात तर एकदा फट् होईल आणि खोलीत वास राहील. मागच्या प्लेटवर किती व्होल्ट आणि किती वॅट छापलंय ते वाचा, फोटो काढा आणि बुधवार पेठेत ट्रान्सफॉर्मर बांधून देणाऱ्याकडे जा. दुकानात तयार मिळतात ते बहुतेक ११० चे असतात, तुम्ही १०० चाच मागा, वॅटच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा. घरी आणल्यावर सॅम्पलर न लावता आधी मल्टीमीटरने आउटपुट मोजा. आणि मग पहिलं बटण दाबल्यावर काही लोड-बिड करू नका, मेमरीत किंवा सोबतच्या फ्लॉपीत आधीच्या मालकाचं काय आहे ते ऐका, एखादा शामिसेन, ते जपानी तंतुवाद्य, निघाला तर मला कळवा.